न्हाणीघरामागच्या खोलीतली धिंगरी

मशरूम घरी लावायचं ठरवलं आणि माहिती शोधायला बसले, तर दोनच प्रकारचे व्हिडिओ सापडले. एकात दहा बाय दहाच्या खोलीतून महिन्याला लाखभर रुपये निघत होते आणि दुसऱ्यात सगळ्या पिशव्या सडून गेल्याचं रडगाणं होतं. मला घरात खायला, पै-पाहुण्यांना द्यायला आणि उरलं तर विकायला एवढंच पीक हवं होतं. तेवढ्यासाठी किती दिवस लागतात, किती पैसे जातात आणि कुठे अडतं, हे सरळ सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून मे २०२४ ते मार्च २०२५ या काळात जे केलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला राहतो. घर बैठं आहे, मागे न्हाणीघर आणि त्याच्यामागे जळणाची खोली. बंब गेला, गीझर आला, तेव्हापासून ती खोली अडगळीची झाली होती. उत्तरेला एक खिडकी, ऊन आत येत नाही, भिंत दगडी. घरात अशी एखादी थंड, कोंदट, कुणाला नको असलेली जागा असेल तर अर्धं काम झालं म्हणा. झोपायच्या खोलीत मात्र हा उद्योग करू नका. कारण पुढे येईलच.

कोणतं मशरूम लावायचं यावर फार वेळ घालवावा लागला नाही. दुकानात डबीतून मिळतं ते पांढरं बटण. त्याला फळं धरताना १४ ते १८ अंश तापमान लागतं आणि वाढायला मुद्दाम कुजवून तयार केलेलं कंपोस्ट. म्हणजे एसी आला, वीजबिल आलं. शिताकेला लाकडाचा भुसा आणि तो निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र, लागतं. जाड देठाचं किंग ऑयस्टर दिसायला देखणं, पण त्याला आपल्याकडच्या हिवाळ्यापेक्षाही जास्त गारवा हवा. राहिली धिंगरी, म्हणजे ऑयस्टर. २० ते ३० अंशांत वाढते, भाताच्या पिंजरावर, म्हणजे पेंढ्यावर, येते आणि हवेत दमटपणा मागते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी फुकट आहेत. धिंगरीतही करडी, पांढरी आणि गुलाबी असे प्रकार मिळतात. मी पांढरी फ्लोरिडा मुख्य धरली आणि हौसेखातर थोडी गुलाबी.

मेच्या सुरुवातीला एक दिवसाचं प्रशिक्षण केलं. जेवणासकट आठशे रुपये. खोलीत वीसेक जण होते आणि बहुतेकांचे प्रश्न अनुदानाचे. मला तिथे उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा: उकडलेलं पिंजर हातात घेऊन पिळून बघता आलं. किती ओलं म्हणजे बरोबर, हे व्हिडिओत कळत नाही, तळहातालाच कळतं. तुम्ही कुठेही शिकायला जा, पण हात घालू देतात का हे आधी विचारून घ्या.

याच सुमाराला एका माणसाचे फोन सुरू झाले. पन्नास हजारांचं किट घ्या, तयार माल आम्हीच उचलू, किलोला अमुक भाव लेखी देऊ. मी म्हटलं, गेल्या वर्षी ज्यांचा माल उचललात अशा दोघांची गाठ घालून द्या. फोन यायचे थांबले. धिंगरी ताजी असताना दोन-तीन दिवसांत खपवावी लागते. लांबच्या गावाहून कुणी टेंपो घेऊन ती उचलायला येणार, यावर विश्वास ठेवण्याआधी डिझेलचा हिशेब करून बघा.

पिंजराची सोय मे महिन्यातच करावी लागते, आणि ही गोष्ट कुणी ठळकपणे सांगत नाही. भात निघतो दिवाळीच्या आसपास. त्याचं पिंजर पावसाळ्यापर्यंत गंजीत राहतं आणि वळवाच्या पहिल्या सरीतच वरचे थर भिजतात. एकदा भिजून वाळलेल्या पिंजरात दुसऱ्या बुरश्या आधीच घर करून बसलेल्या असतात. त्यामुळे गंजीच्या पोटातलं, पिवळंधमक, वर्षाच्या आतलं काड काढून घ्यायचं. माझं माहेर राधानगरी तालुक्यातलं. भावाला फोन केला तर म्हणाला, ‘आक्का, म्हशी खातात ते पिंजर आता तू शिजवणार व्हय?’ पण गावातल्या कडबाकुट्टीवर तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करून पोत्यात भरून तोच घेऊन आला. डिझेल आणि कुट्टी मिळून चारशे रुपये दिले. शहरात कुट्टी शोधत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडलं. पिंजर नसेल तर गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं काडही चालतं.

मग खोली. भिंतींना चुना, जमिनीला ब्लीचिंग पावडरचं पाणी, खिडकीला आणि दाराला बारीक जाळी. जुन्या लोखंडी खाटेचे पाइप कापून भिंतीलगत मांडणी केली. चुना, जाळी आणि सुताराची मजुरी मिळून नऊशे गेले. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ साडेतीनशेला, पाण्याचा थर्मामीटर दोनशेला, हाताने दाबायचा फवारा पंप अडीचशेला. यातली आर्द्रतेची घड्याळं फार भरवशाची नसतात, पण चढ आहे की उतार आहे एवढं कळतं.

बियाणं म्हणजे स्पॉन. उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर धिंगरीची बुरशी वाढवलेली असते, तेच बियाणं. आपल्याकडे या विषयावरचं सरकारी काम जुनं आहे. अळिंबीवरचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९८३ सालचा, मुख्यालय हिमाचलात सोलनला आणि पुण्याचं कृषी महाविद्यालय त्याचं एक केंद्र. मी मात्र सोयीचं पडलं म्हणून एका खासगी प्रयोगशाळेतून किलोभर मागवलं. एकशेवीस रुपये आणि रात्रीच्या गाडीने पार्सलचे ऐंशी. जूनमध्ये सगळ्यांचीच मागणी असते. मला मेअखेरीस नोंदवलेलं बियाणं जूनच्या मध्यावर मिळालं. पिशवी हातात आली की तीन गोष्टी बघा: दाण्यांवर सगळीकडे पांढरी वाढ आहे ना, कुठे हिरवा-काळा ठिपका नाही ना, आणि आंबूस वास येत नाही ना. तयार केल्याची तारीख महिन्याच्या आतली असावी. लगेच भरायचं नसेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

१५ जूनच्या शनिवारी रात्री पिंजर गार पाण्यात भिजत घातलं आणि रविवारी सकाळी मागच्या परसात चूल मांडली. पिंजर ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं असतं, आणि एवढं मोठं भांडं घरात कुणाकडे असणार? मंडपवाल्याकडून लग्नाच्या भाताचं पातेलं आणलं, दिवसाचं भाडं ऐंशी रुपये. पिंजर पोत्यात भरून पाण्यात बुडवलं, ते तरंगू नये म्हणून वर पाटा ठेवला. दोन घाणे काढले. पाणी खळखळा उकळू द्यायची गरज नाही, ८० ते ८५ अंशांच्या मध्ये राहिलं की पुरे. चुलीवर ते सांभाळायला एक माणूस लागतोच. जाळ ओढायचा, सारायचा, थर्मामीटर बुडवायचा. दुसरी पद्धत औषधांची आहे. शंभर लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक साडेसात ग्रॅम आणि फॉर्मालिन सव्वाशे मिली घालून पिंजर सोळा-अठरा तास बुडवून ठेवतात. मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांना ती परवडते, जळण लागत नाही. पण फॉर्मालिन डोळ्यांना आणि घशाला झोंबतं, आणि घराच्या मागच्या दारात मला ते नको होतं.

पोती उतारावर टेकवून पाणी निथळू दिलं, मग धुतलेल्या प्लास्टिकवर पिंजर पसरलं. गार व्हायला दुपार झाली. इथे घाई करू नये, कोमट पिंजरात बियाणं मरतं. ओलावा बघायची रीत अशी: मूठभर पिंजर घट्ट आवळायचं. बोटांच्या फटीतून एखादा थेंब डोकावला आणि तळहात ओला झाला तर बरोबर. धार लागली तर अजून निथळू द्या. तळहात कोरडा राहिला तर पाण्याचा हबका मारा.

भरताना घरचे सगळे बसलो. हात साबणाने, मग सॅनिटायझरने. १४ बाय २२ इंचांची पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, तळाला चार बोटं पिंजर दाबून, कडेकडेने बियाणं, पुन्हा पिंजर. असे चार-पाच थर. ओल्या पिंजराच्या वजनाच्या दोन टक्के बियाणं लागतं, म्हणजे पाच किलोच्या पिशवीला शंभर ग्रॅम. सासूबाई एवढासा दाणा टाकताना बघून म्हणाल्या, ‘विरजणच की हे.’ यापेक्षा चांगलं मला समजावता आलं नसतं. दूध गरम असताना विरजण लावत नाहीत, भांडं खरकटं चालत नाही, आणि लावल्यावर सारखं हलवून बघायचं नाही. तिन्ही नियम इथे जसेच्या तसे लागू आहेत. तोंड बांधून, जाळावर धरलेल्या दाभणाने प्रत्येक पिशवीला पंचवीस-तीस भोकं पाडली. दिवस मावळताना दहा पिशव्या मांडणीवर गेल्या. पिशव्यांचे शंभर रुपये झाले.

त्यानंतर पंधरा ते अठरा दिवस काही करायचं नसतं, आणि तेच जड जातं. खोलीत अंधार, खिडकी बंद, पाणी नाही. आठवड्याभरात बियाण्याच्या दाण्याभोवती पांढरे तंतू दिसायला लागतात, मग ते एकमेकांना भेटतात, आणि शेवटी पिशवी आतून पांढरी होऊन विटेएवढी घट्ट लागते. वास ताज्या अळंबीचा येतो. आंबट किंवा कुजका वास आला तर काहीतरी बिनसलंय. आमच्या एका पिशवीत कोपऱ्यात हिरवा डाग दिसला. तो ट्रायकोडर्मा. गंमत अशी की हीच बुरशी शेतकरी मुळकुजीवर औषध म्हणून विकत घेतात, आणि धिंगरीची ती वैरीण. पिशवी खोलीत न उघडता तशीच बाहेर नेली आणि परसात पुरली. एखाद-दुसरी पिशवी जाते, ते धरूनच चालायचं. डाग खरवडून पिशवी वाचवायला जाऊ नका, बीजाणू खोलीभर होतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ब्लेडने प्लास्टिक कापून काढलं. आता सगळे नियम उलटे. उजेड हवा, वर्तमानपत्र वाचता येईल एवढा. हवा खेळती हवी. आर्द्रता ८० ते ९० टक्के. दुसऱ्या दिवसापासून भिंतींवर, जमिनीवर आणि गठ्ठ्यांवर बारीक फवारा, दिवसातून दोन-तीनदा. चौथ्या दिवशी सकाळी टॉर्च लावून बघितलं तर एका गठ्ठ्याच्या कुशीत करड्या टाचण्यांची दाटी झाली होती. त्या दिवसानंतर पाण्याचा जोर कमी करायचा, थेट कोंबांवर फवारलं तर ते पिवळे पडून गळतात. संध्याकाळपर्यंत त्या टाचण्यांना माना आल्या, दुसऱ्या दिवशी टोप्या, आणि तिसऱ्या दिवशी टोप्या एकमेकींना ढकलायला लागल्या. दिवसात दुप्पट होतात हे ऐकलं होतं, पण सकाळी आणि रात्री वेगळं दिसणारं पीक मी पहिल्यांदा पाहिलं.

हवेचं काय करायचं ते धिंगरीच सांगते. देठ लांबलचक आणि टोपी बटणाएवढी राहिली तर समजायचं की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय, खिडकी उघडा. टोपीच्या कडा वाळून चिरल्या तर पाणी कमी पडतंय. कडा आतल्या बाजूला वळलेल्या असतात तोवर वाढ चालू आहे. त्या सपाट होऊन वर वळायच्या आत काढणी करायची. सगळा घड मुळाशी धरून पीळ द्यायचा, कापायचा नाही, कारण उरलेला खुंट कुजतो.

काढणीला उशीर केला तर दुसरा त्रास आहे. पूर्ण उघडलेल्या टोपीतून बीजाणूंचा बारीक पांढरा धूर सुटतो आणि खालच्या फळीवर पिठी साचते. नवऱ्याला दमट हवेचा तसाही त्रास होतो, त्याला दोन दिवस खोकल्याची ढास लागली. मशरूम पिकवणाऱ्यांना हा फुफ्फुसाचा त्रास होतो हे माहीत असलेलं दुखणं आहे. तेव्हापासून खोलीत जाताना तोंडाला मास्क, आणि दम्याचा माणूस असेल तर त्याने आत जायचंच नाही. झोपायच्या खोलीत नको म्हटलं ते यासाठी.

पहिल्या बहराला पिशवीमागे साधारण अर्धा किलो निघाली. मग आठ-दहा दिवस विश्रांती आणि दुसरा बहर, त्यापेक्षा कमी, तिसरा आणखी कमी. किलोभर कोरड्या पिंजरामागे तिन्ही बहर मिळून आठशे ग्रॅम ते किलोभर ताजी धिंगरी धरून चाला. जास्त सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो.

दुसरा बहर आला तो पुराच्या आठवड्यात. जुलैअखेर पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि मग ४३ फुटांची धोक्याचीही. आमच्या बाजूला पाणी येत नाही, पण रस्ते बंद झाले की भाजी येत नाही. मेथीची जुडी हातात धरवेना. खोलीला ना वीज लागत होती ना पाणी, फवारा मारायचीही गरज नव्हती, बाहेरच सगळं चिंब होतं. शेजारच्या वैनी आल्या, ‘तुमच्या त्या छत्र्या आहेत का ओ थोड्या?’ तोवर त्यांनी एकदाही चव घेतली नव्हती.

छत्र्यांवरून सांगायचं तर सासूबाईंचं माहेर आजऱ्याकडचं. त्या लहानपणी पहिल्या पावसानंतर वारुळावरची अळंबी खुडून आणायच्या, त्यामुळे त्यांना मशरूमचं वावडं नव्हतं. उलट डबीतल्या बटणाला त्या ‘बेचव रबर’ म्हणतात. पण एक गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकली आणि इथे मुद्दाम लिहिते. चांदीचं नाणं किंवा लसूण टाकून काळं पडतं का बघायचं, ही परीक्षा खोटी आहे. अत्यंत विषारी छत्रीतही चांदी पांढरीच राहू शकते. त्या म्हणतात, आम्ही जागा ओळखायचो, छत्री नव्हे. ज्या वारुळावर आजी जायची त्याच वारुळावर आम्ही. रानातलं ओळखणारं माणूस घरात नसेल तर रानातलं आणू नका.

आता स्वयंपाक. ४ ऑगस्टला गटारी झाली आणि ५ तारखेपासून श्रावण लागला. कोल्हापुरात एक महिना रस्सा नाही म्हणजे घरात तोंडं उतरलेली असतात. आमच्याकडे त्या श्रावणात धिंगरीचा तांबडा-पांढरा झाला, आणि त्याची सगळी मदार देठांवर होती. धिंगरीचे देठ चिवट असतात, बहुतेक जण टाकून देतात. मी ते बाजूला काढून आलं, लसूण, हळद, मीठ आणि एक कांदा घालून पाऊण तास मंद आचेवर उकळले. निघालं ते पाणी म्हणजे आमची अळणी. मटणाच्या अळणीचा दाटपणा त्याला नाही, हे कबूल. पण तोंडात रेंगाळणारी चव आहे, आणि वाळवलेली धिंगरी हाताशी असेल तर तिचे दोन-चार तुकडे टाकले की ती दुप्पट गडद होते.

तांबड्यासाठी सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि कांदा भाजून वाटण, वर घरची कांदा-लसूण चटणी. तेलात चटणी जळू न देता कट सुटेपर्यंत परतायची, मग अळणी. पांढऱ्याला लवंग, मिरी, दालचिनी आणि वेलदोडा तुपात, काजू-खसखशीचं वाटण, अळणी, आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी आणायची नाही, फुटतं. पांढरा रस्सा पातळच हवा, वाटीने पिता आला पाहिजे.

धिंगरी स्वतः मात्र रश्शात सुरुवातीपासून टाकू नका, लिबलिबीत होते. पाण्यात भिजवूही नका. पिकलीच आहे स्वच्छ पिंजरावर, एकदा नळाखालून फिरवली की पुरे. सुरी बाजूला ठेवा आणि टोपी हाताने धाग्याच्या दिशेने उभी फाडा, बोटाएवढ्या पट्ट्या. लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर तेल न घालता पट्ट्या पसरायच्या. आधी काही होत नाही, मग एकदम चर्र आवाज करत पाणी सुटतं. ते पाणी आटेपर्यंत हलवत राहायचं. आवाज बदलतो, ओला चर्र जाऊन कोरडा तडतड येतो, कडा तांबूस होतात. तेव्हा कुठे चमचाभर तेल आणि मीठ. मीठ आधी घातलं तर पाण्यातच शिजते आणि भाजायची राहते. या पट्ट्या वाढायच्या वेळी रश्शात सोडायच्या, किंवा चटणी आणि कोथिंबीर टाकून तशाच सुक्या, भाकरीबरोबर. माझं मत विचाराल तर सुकीच जास्त चांगली लागते. रस्सा ही श्रावणाची सोय. गुलाबी धिंगरीचा रंग तव्यावर पार उडतो आणि ती पांढरीपेक्षा लवकर नासते, त्यामुळे फोटो काढायचा असेल तर आधी काढा. आणि कोणतीही धिंगरी कच्ची खाऊ नका, कोशिंबिरीत वगैरे अजिबात नाही.

विकायचं म्हटलं तर ताज्या मालाला गिऱ्हाईक ओळखीतलंच. दोनशे ग्रॅमची पुडी पन्नासला, भोकं पाडलेल्या पिशवीत. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. दोन हॉटेलांत विचारलं, दोघांनाही बटणच हवं होतं. मंडईतल्या एका ओळखीच्या मावशींनी उधारीवर ठेवून घेतली आणि संध्याकाळी निम्मी पिवळी पडलेली परत दिली. त्यांचा तरी काय दोष, उन्हात तीन तास काय टिकणार ते? मग ऑक्टोबरच्या उन्हात वाळवायला सुरुवात केली. गच्चीवर पातळ धोतर पांघरून दोन दिवस, कडकन मोडेपर्यंत. दहा किलोची किलोभर होते. तिची पूड थालीपिठाच्या भाजणीत फार छान लागते.

वाळवलेलं पाकीट एका किराणा दुकानदाराला दाखवलं, तर त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘वैनी, एफएसएसएआय नंबर?’ एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था. तेव्हा, २०२४ मध्ये, वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असेल तर मोठा परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती. तिची फी तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती. गल्लीच्या तोंडावरच्या एका सेंटरवाल्याने दीड हजार सांगितले, म्हणून स्वतःच त्या संस्थेच्या फॉसकॉस पोर्टलवर बसले. फॉर्म ए, फोटो, आधार आणि जागेचा पुरावा. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असल्याने त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र मागितलं गेलं, ते आधीच जोडलं असतं तर एक हेलपाटा वाचला असता. अर्ज ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केला, दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये आल्या आणि प्रमाणपत्र नोव्हेंबरात ईमेलवर आलं. अर्ज करताना मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या, कारण सगळे ओटीपी आणि शंका त्याच्यावर येतात. पाकिटावर तो चौदा अंकी क्रमांक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरायचं ते छापावं लागतं. मी स्टिकर करून घेतले.

पहिल्या खेपेचा खर्च सगळा धरून सव्वातीन हजारांच्या आसपास गेला, जळण आणि आमची मजुरी सोडून. माल निघाला दहा-बारा किलो, त्यातला निम्मा घरात आणि नातेवाइकांत गेला. म्हणजे पहिल्या खेपेत पैसे सुटले नाहीत. खोली, जाळी आणि पंप एकदाच घ्यायचे असतात, त्यामुळे पुढच्या खेपांना पिंजर, बियाणं, पिशव्या आणि पातेल्याचं भाडं एवढाच खर्च राहिला आणि हाताला थोडं लागायला लागलं. नोकरी सोडून करावा असा हा धंदा मला अजून तरी दिसला नाही.

हिवाळ्यात तापमान उत्तम, पण हवा कोरडी. गोणपाट ओली करून दाराखिडकीला टांगली आणि फवारे वाढवले. रात्री पारा चौदा-पंधरावर उतरला की वाढ रेंगाळते, तिला घाई करता येत नाही. उघड्या गठ्ठ्यांवर बारीक काळ्या माश्या घोंगावायला लागल्या, त्यांना पिवळे चिकट कागद पुरले. संपलेले गठ्ठे फोडून कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या बुडात टाकले.

मार्चला पारा छत्तिसावर गेल्यावर धिंगरी बंद केली. एप्रिल-मेसाठी दुधी अळिंबीचं बियाणं नोंदवलं आहे. तिला तीस-पस्तीस अंश चालतात, ती जास्त दिवस टिकते, पण पिंजर पांढरं झाल्यावर गठ्ठा आडवा कापून वर दोन-तीन सेंटिमीटर मातीचा थर द्यावा लागतो. माती आणि चांगलं कुजलेलं जुनं शेणखत समसमान, तेही वाफवून. शेणखत भावाकडून यायचं आहे, पातेलं मंडपवाल्याकडे सांगून ठेवलंय. लग्नसराई असल्याने या वेळी भाडं दीडशे म्हणाला.